मुंडाशातलं बी

पडळवाडीचा हा माळ आत्ता बघाल तर बघण्यासारखं इथं काहीच नाही. मुरूम, खडक, मधेमधे तळहाताएवढी माती आणि सगळ्यावरून फिरणारा वारा. एवढं चढून आलात आणि हेच दाखवायला आणलं का, असं वाटत असेल. भाद्रपदात या. तेव्हा ह्याच मुरुमावर कंबरेला लागेल एवढा कुर्डू उभा असतो. टोकाला गुलाबी आणि खाली पांढरे होत गेलेले त्याचे तुरे वाऱ्यावर एका बाजूला झुकतात. खालच्या रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं, कुणीतरी मेंढरांचा कळप माळावर सोडून दिलाय.

कुर्डू तुम्हाला माहीत असेल. सगळ्या मुलखात त्याला तण म्हणतात. कोवळा असेल तर भाजी करतात, जून झाला की भांगलताना उपटून बांधावर फेकतात. आमच्या रानातही फेकतात. पण ह्या माळावर त्याला कुणी उपटत नाही. उलट पेरतात. आणि पेरणी कशी? मृगाच्या आधी एक दिवस सगळं गाव इथं येतं. गावातल्या म्हाताऱ्यांची मुंडाशी सोडली जातात आणि त्या कापडात बी बांधलं जातं. बी माळावर फेकून झालं की बापई माणसं अनवाणी गजी खेळतात, ढोलावर फेर धरून नाचतात. सगळ्यात पुढं सगळ्यात म्हातारा माणूस, उघड्या डोक्यानं. आणि ढोल असतो एका सुनेच्या गळ्यात. दुसऱ्या कुठल्या गावात बाईला ढोलाला हात लावू देतात का, विचारून बघा.

खाली पारावर बसलेली मंडळी तुम्हाला ह्याची वेगळीच गोष्ट सांगतील. म्हणे एक बुवा आला, माळावर बसला, भस्म फुंकलं आणि फुलं उगवली. ऐकून घ्या, चहा पाजतील तो प्या आणि विसरून जा. बुवा वगैरे कुणी आला नव्हता. ती गोष्ट म्हाताऱ्यांनी रचली, कारण खऱ्या गोष्टीत त्यांचेच आजे-पणजे उघडे पडतात. खरी गोष्ट बायकांनी भांगलताना एकमेकींना सांगत जपली. त्या सांगतात तीच मी सांगतो.

असं सांगतात की फार मागं ह्या गावात बायना नावाची एक सून आली. माहेर कुठलं ते कुणी नीट सांगत नाही; पार पूर्वेला, इथल्यापेक्षाही कोरड्या मुलखातलं, एवढंच. नवरा म्हाकू, मेंढरं राखणारा. पहिल्याच वर्षी सासूबरोबर ती बाजरी भांगलायला गेली. बायकांनी ओळीनं पाती, म्हणजे एकेकीनं भांगलायचे पट्टे, धरल्या. दुपारी बघतात तर सगळ्यांच्या पाती स्वच्छ आणि बायनाच्या पातीत कुर्डू तसाच उभा.

सासू कडाडली. "अगं ए बये, बाजरी भांगलाय आलीस का फुलबाग लावाय?"

"आत्याबाई, आमच्याकडं ह्याचं बी खात्यात."

सगळ्या पाती हसायला लागल्या. एक म्हणाली, "हिच्या म्हायेरी माती बी खात आसतील. वाईच इचारा, कालवण कशाचं करत्यात!"

बायना खाली मान घालून म्हणाली, "पाऊस न्हाई आला म्हंजी बाजरी उभी मरती. ह्यो मरत न्हाई."

हसण्यावारी गेलं असतं, तर गोष्ट तिथंच संपली असती. पण आमच्याकडं पातीत तण ठेवणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. त्याचं बी उडून दुसऱ्याच्या रानात पडतं. शेजारच्या रानवाल्यानं तक्रार केली आणि ती गेली येताळा कारभाऱ्यापुढं. येताळा म्हणजे गावाचा शब्द. त्याचं मुंडासं म्हणे दारातून आत जाताना चौकटीला घासायचं, पण त्यानं कधी मान वाकवून आत पाऊल टाकलं नाही. चौकट तासून घेतली. खरं-खोटं देव जाणे. पण असली माणसं असतात, एवढं तुम्हालाही माहीत असेल.

येताळानं निवाडा दिला. "हिला कुर्डू ग्वाड लागतोय न्हवं? मग म्हाकूच्या वाटणीला माळावरचा त्यो खडकाचा तुकडा द्या. ऱ्हावा म्हनावं कुर्डूत."

पंच हसले. म्हाकूचा बाप काही बोलला नाही. म्हातारी माणसं गप्प बसली की त्याला शहाणपण म्हणायची आमच्यात पद्धत आहे.

म्हाकू आणि बायना माळावर आले. इथंच, हा जो सपाट दगड दिसतोय, तिथं त्यांचं पाल होतं म्हणे. पाऊसकाळ संपला की म्हाकू मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरायचा आणि उन्हाळ्याच्या शेवटी परतायचा. मधले महिने बायना एकटी. तिच्याजवळ लुगड्याच्या गाठीत माहेरचं मूठभर बी होतं. काळं, चकचकीत, खसखशीएवढं.

पहिल्या वर्षी तिनं कुदळीनं जमीन उकरली, सरी पाडली, बी टाकलं आणि वर माती ओढली. बाजरीला करतात तसं. एक कोंब आला नाही. माहेरी बी खाणाऱ्या बायका होत्या, पण तिथं ते आपोआप उगवायचं. पेरलं कधी कुणीच नव्हतं. बायना रडली असेल, नसेल. पण नंतर एक दिवस तिला दिसलं की मेंढरं पाण्याला जायची त्या पायवाटेवर कुर्डू दाट आलाय. वाटेवरच का? ती बसून बघत राहिली, आणि तिच्या ध्यानात आलं. एवढंसं बी, त्याच्या अंगात माती उचलायची ताकद नाही. गाडलं की ते मरतं. ते वर पडायला पाहिजे, उजेडात. आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून नुसतं दाबायला पाहिजे. मेंढरं खुरांनी दाबतात तेवढंच.

पुढच्या वर्षापासून ती बियात वाळू मिसळून एका पट्टीवर फेकायची आणि वरून मेंढरं फिरवायची. भाद्रपदात पट्टी फुलली. तुरे वाळायला लागले की पहाटेच्या दहिवरात, ते मऊ असताना, एकेक तुरा पाटीत वाकवून झोडायची. ऊन चढल्यावर हात लावला की सगळं बी भुईवर सांडतं. घरी खापरावर बी भाजायची, ते तडतड उडायचं. मग दळून आंबील, नाहीतर काळपट भाकरी. चव विचाराल तर फार चांगली नाही. तीळ करपल्यासारखी लागते. पण भाकरी पोटात थांबते. खाऊन उरलेलं बी ती मडक्यात भरून ठेवायची.

मग तो दुष्काळ आला. त्याला नाव नाही. नाव ठेवायला माणसांत त्राण उरलं नव्हतं, असं म्हणतात. पहिल्या वर्षी बाजरी गेली. दुसऱ्या वर्षी पेरलेलं वर आलंच नाही. म्हाकू मेंढरं घेऊन गेला होता, तो वेळेवर परतला नाही. गावचं धान्याचं पेव येताळाच्या ताब्यात होतं. ते बियाण्यासाठी राखायचं असं ठरलं होतं. ते कधी आणि कुणी खाल्लं ह्याची चर्चा पंचांनी केली नाही. एक दिवस झाकणाचा दगड सरकवला तर आतून नुसता गार वारा आला.

त्या दिवसांत गावातून वर बघितलं तर एकाच ठिकाणी धूर दिसायचा. ह्या माळावर.

सगळ्यात आधी चढून आली ती सासू. ती पालाच्या दारात टेकली. बायनानं आंबिलीचं वाडगं पुढं ठेवलं.

"आधी खा, आत्याबाई. बोलायचं मागनं बगू."

सासूनं खाल्लं. मग म्हणाली, "तुज्या पातीतला कुर्डू म्या माज्या हातानं उपटला व्हता गं."

"उपटला, पर झाडून न्हाई टाकला. बांदावर फेकला, तितंच त्याचं बी सांडलं. तितंबी उगवलाय, बगून या."

सासू हसली. बायका सांगतात, त्या दुष्काळात गावात ऐकू आलेलं ते पहिलं हसू. दुसऱ्या दिवशी ती इतर बायकांना घेऊन आली. मग त्या रोज यायला लागल्या. बायना दळायची, त्या पदरात बांधून खाली न्यायच्या आणि घरातल्यांना वाढायच्या. पंच काय करायचे? खायचे. कुठून आणलं हे विचारायचं नाही, असा नियम त्यांनी आपला आपणच घालून घेतला होता. खापरावरच्या करपट वासानं सगळं गाव भरलं होतं, पण पंचांची नाकं तेवढी बंद होती.

काही लोक इथं सांगतात की बायनाचं मडकं कधी रितं झालंच नाही, देवीचा वर होता. हे मला अजिबात पटत नाही. मडकं रोज रितं होत होतं. तिच्याकडं मागच्या वर्षांची भरलेली मडकी होती आणि ती तिनं दहिवरात उभं राहून भरली होती. त्याला वर म्हणून तिचे कष्ट देवाच्या नावावर कशाला घालायचे?

ज्येष्ठ लागला. पंच वर आले. मागायला नाही, सांगायला.

येताळा म्हणाला, "माळ गावाचा. माळावरचं बी बी गावाचं. आमी खाली काळ्या रानात पेरनार. गाव जगवायचं तर कारभाऱ्यानं जगवावं, पालात ऱ्हानाऱ्या बाईनं न्हवं."

बायनानं वाद घातला नाही. खायला एक मडकं ठेवलं, पट्टीपुरतं बी काढलं आणि बाकीचं सगळं दिलं. फक्त एवढं म्हणाली, "पाभरीनं पेरू नगा. वर टाका आनी वरनं चाला. खोल गेलं की मरतंय ते."

"म्या जलमभर पेरत आलो," येताळा म्हणाला. "मला बाईमानसानं पेरनी शिकवायची?"

पोत्यात बी भरून नेलं. पाभर धुतली, हळद-कुंकू लावलं. नारळ नव्हता म्हणून दगड फोडला, असं बायका अजून सांगून हसतात. उरलेल्या दोन बैलांना हाडं मोडेपर्यंत हाकलं आणि गावच्या सगळ्यात चांगल्या रानात, चार बोटं खोल, सरळ ओळींच्या तासांत बी पेरलं. तासं इतकी सरळ होती की बघत राहावं, म्हणतात.

आठवड्यानं भुरभुर झाली. बायनाच्या पट्टीत कोंब आले. काळ्या रानात काही नाही. आणि मग लोकांनी एक गोष्ट बघितली. नेताना पोतं फाटकं होतं. माळावरून रानापर्यंत वाटेवर बी सांडत गेलं होतं, आणि त्यावरून पंच स्वतःच चालत गेले होते. त्या सगळ्या वाटेवर, पावलापावलाला, कुर्डूची हिरवी रांग उगवली होती. ती माळावरून निघाली, ओढ्यातून गेली, वेशीवरून वळली, रानाच्या बांधापर्यंत आली आणि तिथं थांबली. बांधाच्या पलीकडं सरळ तासं आणि त्यांत काही नाही.

बोट दाखवून चूक दाखवावी तशी ती रांग होती. सगळं गाव तिच्याकडं बघत उभं राहिलं, आणि कुणीच येताळाकडं बघितलं नाही.

भूक थांबत नाही. वाटेवरची रांग लोकांनी कोवळी असतानाच खुडून खाल्ली. मग बायनाची पट्टी खुडली. तिनं अडवलं नाही, पोरं होती. पण पट्टी खुडली म्हणजे पुढचं बी गेलं. आता सगळ्या गावात कुर्डूचं बी होतं ते एका मडक्यात, बायनाच्या चुलीजवळ. ते शिजवलं तर गाव थोडे दिवस जगलं असतं. पेरलं तर कदाचित पुढं जगलं असतं, पण तोवर खायला काही नाही. त्याच दिवसांत गावानं माणसं पुरली. त्यांत येताळाची धाकटी नात होती.

तिला माती देऊन येताळा तसाच वर आला. एकटा, भर उन्हात. पालाच्या बाहेर थांबला, मुंडासं काढलं आणि दारात आलेल्या बायनाच्या पायाशी ठेवलं. त्याचं डोकं आयुष्यात पहिल्यांदा उघडं पडलं होतं, आणि ते पार पांढरं, एवढंसं होतं.

"प्येरून दे," तो म्हणाला. "तुज्या हातानं."

सासू आत बसली होती. ती म्हणाली, "देऊ नगंस गं ह्येला! प्येव ह्यांनी खाल्लं, बी ह्यांनी गाडलं. आता मडकं उरलंय, त्येबी गिळत्याल."

सासू खोटं काहीच बोलली नव्हती. बायना आत गेली, चुलीजवळचं मडकं उचललं. मग बाहेर आली.

"मुंडासं माज्या पायाशी कशाला? मला त्याचं काय करायचंय? उकला त्ये. त्यात बी बांदा."

येताळानं मुंडाशाचे पेच सोडले. एवढं लांब कापड. पाच माणसांच्या खांद्यावर झोळ्या होतील एवढं. त्यात तिनं वाळू मिसळून बी ओतलं, मडकं उपडं करून थापटलं, शेवटचा दाणा पडेपर्यंत. खालून बाकीचे पंच बोलावले. त्यांचीही मुंडाशी सुटली आणि झोळ्या खांद्याला लावून सगळ्यांनी बी माळभर फेकलं. मग ती म्हणाली, "मेंढरं न्हाईत. म्हाकूसंगं गेल्यात. वरनं दाबाय पाय पायजेत. वहाना काडा."

मग ती येताळाकडं वळली.

"गजीत सगळ्यात उंच उडी तुमची आसायची म्हनं, कारभारी. हितं न्हाई उडायचं. हितं पाय घासून नाचायचं. खुरावानी."

एक पंच पुटपुटला, "नाचाय ढोल लागतोय. वाजवनारा कोन?"

"प्रत्येक बाप्या मला भुईवर पायजे. ढोल म्या घेते."

"बाईनं ढोलाला हात लावायचा नसतोय."

"मग तुमी बिनढोलाचं नाचा," बायना म्हणाली. "पर नाचा. बी वाऱ्यानं उडाय लागलंय."

वारा खरंच सुटला होता. पंचांनी वहाणा काढल्या. बायनानं पालातला म्हाकूचा ढोल गळ्यात अडकवला आणि टिपरू मारलं. उपाशी, खोल गेलेल्या पोटांची माणसं उघड्या डोक्यानं ह्या मुरुमावर फेर धरून नाचली. कुणी पडलं, त्याला बाजूच्यानं उचललं. पाय सोलले, मुरमावर रक्त उमटलं. फेर ढिला पडला की बायना ढोल थांबवायची, आणि पुढं असलेला येताळा पुन्हा नीट पाय घासायला लागेपर्यंत टिपरू उचलायची नाही. कडेपासून कडेपर्यंत सगळा माळ तुडवून झाला तेव्हा ऊन उतरलं होतं.

तिनं त्या वेळी शब्द घेतला, असं सांगतात. देवाकडून नव्हे, त्या म्हाताऱ्यांकडून. "जवर गावातला सगळ्यात म्हातारा मानूस डोकं उघडं करून, अनवानी, सगळ्यांम्होरं हितं नाचंल, तवर ह्यो माळ गावाला उपाशी ठेवायचा न्हाई. ज्या साली त्येला लाज वाटंल, त्या साली माज्या माळावर कुनी येऊ नगा."

येताळानं हो म्हटलं. आधीच्या सगळ्या आयुष्यात तो कुणाला हो म्हणाला होता की नाही, शंका आहे.

पुढं भुरभुर झाली, तेवढीच. बाजरीला ती काहीच नव्हती, कुर्डूला पुरली. माळ हिरवा झाला. बायनानं पोरांना फक्त बाजूची पानं खुडू दिली, शेंडा नाही. त्या पाल्यावर गाव भाद्रपदापर्यंत तगलं. मग माळ फुलला. म्हाकू उरलीसुरली मेंढरं घेऊन परतत होता, त्याला लांबून माळावर पांढरं दिसलं. त्याला वाटलं, आपण मेलो असं समजून गावानं दुसरा कळप घेतला. तो रागारागानं चढून आला म्हणे, आणि फुलांत उभ्या असलेल्या बायकोला बघून खालीच बसला.

त्या वर्षी येताळाही पहाटेच्या दहिवरात पाटी घेऊन आला. तुरा वाकवायचा कसा, हे त्यानं बायनाच्या सासूकडून शिकून घेतलं. माझ्या दृष्टीनं गोष्टीतला चमत्कार असेल तर तो हाच.

पडळवाडीत त्यानंतर दुष्काळ आले नाहीत असं नाही. येतातच. टँकर येतो, चाऱ्याच्या छावण्या लागतात, पुढारी येऊन फोटो काढून जातात. पण ह्या गावातून भुकेनं माणूस पुरला गेला नाही, आणि हे छाती ठोकून सांगायला आम्हाला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. आमच्या घराघरात उतरंडीच्या तळच्या मडक्यात हे काळं बी असतं. लेकीला सासरी पाठवताना दागिना असो-नसो, लुगड्याच्या पदरात मूठभर बी बांधून देतात.

म्हातारे मात्र म्हातारेच. गेल्या वर्षी सगळ्यात म्हातारा जो होता, त्यानं निरोप पाठवला, गुडघा दुखतोय, माझ्या जागी पुतण्या नाचेल. ढोल होता धाकट्या आळीतल्या सुनेच्या गळ्यात, लग्न होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. तिनं टिपरू खाली केलं आणि उभी राहिली. कुणी समजावलं, कुणी दरडावलं, एकानं तर तिच्या बापाचं नाव काढलं. ती म्हणाली, "येऊ द्यात की. म्या थांबलीया." सगळं गाव उन्हात उभं. शेवटी मोटरसायकलवर मागं बसवून म्हाताऱ्याला पायथ्यापर्यंत आणलं. तिथून तो चालत आला, वहाणा काढल्या, टोपी काढून खिशात घातली. आणि नाचला हो. चांगला नाचला.

आजही तोच दिवस आहे. ते बघा, खालून येतायत. पुढं ते पांढऱ्या मिशांचे, ते गेल्या वर्षीचेच. मागं सुना, त्यांत जिच्या गळ्यात ढोल दिसतोय तीही गेल्या वर्षीचीच. सकाळीच आम्ही ह्या बाजूला बी फेकून गेलोय. तुम्ही ज्यावर उभे आहात ते पेरलेलं रान आहे. घाबरून बाजूला होऊ नका. पायाखाली आलं म्हणून हे बी मरत नाही.

फक्त वहाणा काढा. आणि ढोल सुरू झाला की जरा पाय घासा.